कोळगावची बुद्धपौर्णिमा आणि तीन पाळ्यांची पंगत

विरारच्या पुढे वैतरणा खाडीवरचे पूल ओलांडले की मुंबई मागे पडते. मग सफाळे, केळवे रोड आणि पालघर. पालघरला उतरून बोईसरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कोळगाव येते. भाताची खाचरे, बांधावर ताडाची झाडे आणि मोकळे माळ असा हा मुलूख. येथील व आसपासच्या गावांतील मोठी जमीन शासनाच्या दुग्धविकास विभागाकडे होती. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, आणि नव्या जिल्ह्याचे मुख्यालय याच जमिनीवर, कोळगाव येथे उभे राहिले. १९ ऑगस्ट २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पूर्वी जातीच्या दाखल्याचे वा जमिनीचे काम कलेक्टर कचेरीत अडले की मोखाडा-जव्हारच्या आदिवासी बांधवाला थेट ठाणे गाठावे लागे. आता तो कोळगावला येतो. पाहुण्यांना पत्ता सांगणेही सोपे झाले आहे. "कलेक्टर कचेरीच्या अलीकडे उतरा" एवढे म्हटले की पुरते.

याच रस्त्याने पुढे उमरोळी आणि मग बोईसर. तारापूरची औद्योगिक वसाहत बोईसरला लागूनच आहे. समुद्राकडे देशातले पहिले व्यापारी अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. औषधांचे, रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने येथे आले आणि त्यांच्यामागे माणसे आली. आपल्या समाजाची कुटुंबेही आली. कोणी रत्नागिरीच्या खेड्यातून, कोणी परभणी-नांदेडकडून, कोणी जळगाव-भुसावळचे, कोणी अकोल्या-अमरावतीचे. प्रथम चाळीत एका खोलीत चार-चार जण राहिले. मग भाऊ आला, मेहुणा आला, बहीण दिली ती याच पट्ट्यात दिली. अशी पालघर-बोईसरच्या दरम्यान एकेका घराची वीस-पंचवीस माणसांची गोतावळ तयार झाली. गाव दूर राहिला, म्हणून सणाला सगळ्यांनी एका घरी जमायचे. आमच्या नात्यात बुद्धपौर्णिमेचे घर कोळगावचे.

वैशाखी पौर्णिमा ऐन उन्हाळ्यात येते. शाळांना सुट्टी असते, त्यामुळे लेकुरवाळ्या बहिणी मुलांना घेऊन येतात. मुंबईकडचे पाहुणे पहाटे निघून आधी नालासोपाऱ्याला उतरतात. तेथील स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. आत दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या आणि भोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती निघाल्या. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही या सोपाऱ्यातच मिळाले. आपण पोटासाठी ज्या किनाऱ्यावर आलो तेथे दोन हजार वर्षांपूर्वी धम्म नांदत होता, हे मुलांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा त्या विटांसमोर उभे करून सांगितलेले बरे. वंदना करून ही मंडळी डहाणूकडे जाणारी गाडी पकडतात आणि उन्हे चढण्याआधी कोळगावात पोहोचतात.

आता स्वयंपाकाकडे वळू.

पंगत कधी बसवायची?

सणाचे जेवण म्हणजे सर्वांनी एका वेळी बसायचे, अशी आपली समजूत. परंतु कारखान्याच्या गावात ते जमत नाही. बुद्धपौर्णिमेची सरकारी सुट्टी कचेरीला असते, पाळीच्या कामगाराला ती मिळेलच असे नाही. एक जण सकाळी सातच्या पाळीला गेलेला असतो, तो तीनला सुटतो. दुसरा तीनला जातो तो अकराला सुटतो. तिसरा रात्रपाळी करून सकाळी लाल डोळ्यांनी घरी येतो. त्यातच घरातील वडीलधाऱ्या उपासिका पांढरे वस्त्र नेसून उपोसथ धरतात. त्यांचे अष्टशील असते आणि त्यातील सहाव्या शीलाप्रमाणे दुपारी बारानंतर जेवायचे नसते. म्हणजे रात्रीच्या चांदण्यात थाटाने पंगत मांडली तर आजीबाईच उपाशी!

म्हणून या घरी तीन पंगती होतात. पहिली सकाळी साडेदहा-अकराला. तीत उपोसथ धरणाऱ्या आजी-आत्या, रात्रपाळी करून आलेला पुतण्या आणि सोपाऱ्याहून आलेले पाहुणे. दुसरी मोठी पंगत संध्याकाळी विहारातील वंदनेनंतर. तिसरी रात्री साडेअकराला, दुपारपाळीहून आलेल्या दोघा-तिघांची. या तिसऱ्या पंगतीला वेगळे महत्त्व आहे. थकून आलेल्या माणसापुढे पातेल्याच्या तळाची खरवड येऊ नये, म्हणून त्यांचा वाटा पहिल्या पंगतीआधीच वेगळ्या डब्यात काढला जातो.

ताटात काय?

त्या दिवशी घरात शाकाहार असतो. कोकणच्या पाहुण्यांना सातपाटीच्या पापलेटाची आठवण होतेच. "ते उद्या" असे म्हणून त्यांची समजूत काढावी लागते. ताट मात्र कोणा एका जिल्ह्याचे नसते. रत्नागिरीची वहिनी काळ्या वाटाण्याची उसळ आणि तांदळाची भाकरी करते. परभणीची मावशी गावाहून येसर घेऊन येते, त्याची झणझणीत आमटी होते. अकोल्याची आत्या पाटोडीचा रस्सा केल्याशिवाय राहत नाही. खानदेशी जावयासाठी शेवभाजी. बाजूला कैरीची चटणी, आणि जेवणानंतर मुलांना ताडगोळे किंवा घोलवडचे चिकू. या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपले हे चार प्रांत एरवी एकमेकांच्या तिखटाला नावे ठेवतात. त्या दिवशी मात्र प्रत्येक जण दुसऱ्याची आमटी दोनदा मागून घेतो.

मधोमध वाटी असते ती खिरीची. सिद्धार्थ गौतमांनी देह झिजवणारी तपश्चर्या सोडली आणि सुजातेने दिलेले अन्न घेतले. ते अन्न घेऊन, देहाला बळ देऊन ते ध्यानाला बसले आणि त्यांना संबोधी प्राप्त झाली. उपाशी पोटी ज्ञान मिळते, हे खुद्द बुद्धांनी नाकारले. श्रम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार जवळची वाटते.

पंचवीस माणसांची खीर

भगिनींनी विचारले म्हणून प्रमाण देत आहे. दूध पाच लिटर, तांदूळ दीड पाव, साखर अर्धा किलो किंवा थोडी अधिक, वेलदोड्याची पूड दोन चमचे, चारोळी व काजू ऐपतीप्रमाणे. तांदूळ वाड्याचा कोलम मिळाला तर उत्तम. आपल्याच जिल्ह्यातला हा बारीक, सुवासिक तांदूळ. नसेल तर कोलमाची कणी घ्यावी, ती स्वस्त पडते आणि खिरीला दाटपणाही चांगला येतो.

तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवून निथळावा व चमचाभर तुपावर परतून घ्यावा. जाड बुडाच्या पातेल्यात आधी वाटीभर पाणी उकळावे, मग दूध ओतावे. दूध बुडाला धरत नाही. दुधाला उकळी आली की तांदूळ घालून आच मंद करावी आणि ढवळत राहावे. तांदूळ बोटाने सहज मोडेपर्यंत साखर घालू नये, नाहीतर तो आखडतो. गूळ आवडत असेल तर खीर उतरवून कोमट झाल्यावरच किसून मिसळावा. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटते आणि पाच लिटरचा खर्च वाया जातो.

वैशाखातली दमट हवा दुधाची वैरी आहे. सकाळी केलेली खीर रात्रीपर्यंत बाहेर ठेवली तर आंबते. म्हणून सगळी खीर एकदम करू नये. सकाळच्या पंगतीपुरते व तिसऱ्या पंगतीच्या डब्यापुरते दूध सकाळी, उरलेले संध्याकाळी. डब्यातील खीर गार करून लगेच फ्रिजमध्ये ठेवावी आणि वाढण्याआधी उकळी आणावी. फ्रिज नसेल तर पाळीवाल्यांचा वाटाही संध्याकाळच्याच खिरीतून काढावा.

पंक्तिभेद कोठे उरला?

आपल्या आज्या-पणज्यांना सणाचे गोडधोड ठाऊक होते ते दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेरून. सणाच्या दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन फिरायचे आणि पदरात पडेल ते शिळे आणायचे. १९२७ साली महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, फेकलेल्या तुकड्यांसाठी माणुसकी विकू नका, असे समाजाला बजावले. २४ मे १९५६ रोजी, बुद्धजयंतीच्या दिवशी मुंबईच्या नरे पार्कवर त्यांनी येत्या ऑक्टोबरात आपण बौद्ध धम्म स्वीकारणार असे जाहीर केले, आणि १४ ऑक्टोबरला नागपुरात ते घडले. आपल्या घामाच्या पैशाने आणलेले दूध, आपल्या चुलीवर, आपल्या सणासाठी तापते, यामागे एवढा इतिहास आहे. वाटीभर खिरीची किंमत मुलांना अशी समजावून द्यावी.

परंतु एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाहेरचा पंक्तिभेद आपण नाकारला, घरातला राहिला आहे. संध्याकाळी विहारात त्रिसरण-पंचशील चालू असते, तेव्हा पुरुष मंडळी आणि मुले पुढे बसलेली असतात, आणि घराची सून पातेल्याजवळ. पंगतीत आधी पुरुष, मग मुले, मग सासूबाई. शेवटी दहा-साडेदहाला स्वयंपाक करणाऱ्या बायका उरलेल्या रश्श्याबरोबर भात कालवतात. ज्या सणाची आठवणच एका स्त्रीने दिलेल्या अन्नाची, त्या सणाला घरची सुजाता बुद्धवंदनेला मुकते.

सुजातेच्या कथेत पुण्णा नावाची दासी आहे. वृक्षाखालची जागा झाडायला तिला पाठवले होते, आणि तेथे बसलेले गौतम प्रथम तिला दिसले. तिने धावत येऊन ही आनंदवार्ता सांगितली, तेव्हा सुजाता तिला म्हणाली की आजपासून तू माझी थोरली लेक. खिरीबरोबर ही गोष्टही सांगितली जावी. झाडलोट करणारी, राबणारी मुलगी त्या दिवशी दासी राहिली नाही.

कोळगावच्या घरी यावर हळूहळू तोड निघाली. सुरुवात झाली ती रात्रपाळीच्या पुतण्यामुळे. झोप होऊन दुपारी उठला, आणि कांदे चिरणाऱ्या काकूच्या हातातून त्याने विळी घेतली. पुढच्या वर्षी दोघे भाऊ आले. सासूबाई प्रथम म्हणाल्या, "बाप्यांनी चुलीशी बसायचं म्हणजे काय?" पण कारखान्याच्या कँटीनमध्ये शंभर माणसांचा स्वयंपाक पुरुषच करतात, हे त्यांनाही ठाऊक होते. आता रीत अशी झाली आहे. प्रत्येक घराने एकेक पदार्थ आपल्या घरून करून आणायचा. भाकऱ्या दुपारीच करून कपड्यात गुंडाळून ठेवायच्या. पाच वाजता गॅस बंद, आणि सर्वांनी, सुनांसकट, विहारात जायचे. परत आल्यावर संध्याकाळची खीर पुरुषांनी ढवळायची. खिरीला काय लागते, एक मोठा डाव आणि पाऊण तासाचा धीर! दुसऱ्या पंगतीला प्रथम बसतात त्या स्वयंपाक केलेल्या बायका, आणि वाढतात पहिल्या पाळीवरून आलेले त्यांचे नवरे व दीर. पहिल्या वर्षी बायकांनाच अवघडल्यासारखे झाले. एक मामी सारखी उठून "मी वाढते" म्हणत होती. तिला दोनदा हात धरून खाली बसवावे लागले. यंदा ती आपणहून बसली आणि रस्सा पातळ झाल्याची तक्रारही तिने केली.

खिरीचे एक पातेले शेजारी वाटण्यासाठी असते. शेजारी वारली कुटुंब आहे, बिहारहून आलेले दोघे कामगार आहेत, भंडारी आळीतल्या मुली आमच्या मुलींबरोबर शाळेत जातात. वाट्या घेऊन मुलेच जातात. कोणाकडून वाटी रिकामी परत येत नाही, कोणी करवंदे घालून देते तर कोणी कैऱ्या.

वाचक बंधू-भगिनींनो, आपले घर कोळगावात असो, नालासोपाऱ्यात असो की कल्याणच्या चाळीत, येत्या बुद्धपौर्णिमेला एवढे जरूर करा. जेवणाचे पदार्थ ठरवण्याआधी घरातील प्रत्येकाची पाळी आणि उपोसथ विचारा, आणि स्वयंपाक करणारी वंदनेला किती वाजता निघणार ते ठरवा. एखादा पदार्थ कमी झाला तरी चालेल. तिची जागा मात्र विहारात आणि पंगतीतही राखून ठेवा.

नमो बुद्धाय! जय भीम!