हर्नियाचं बिल कशाने वाढतं?

आपल्या मोहल्ल्यात हर्नियाबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. दुखणं जांघेत, म्हणून लाज. आणि ऑपरेशन म्हटलं की खर्चाची धास्ती. मग माणूस पट्टा बांधून वर्षानुवर्षं तसाच ओझी उचलत राहतो.

माझे खालू मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांच्या उजव्या जांघेत गाठ दिसू लागली तेव्हा दवाखान्यांची चौकशी माझ्याकडे आली. तीन ठिकाणी विचारलं. एकाने ३८ हजार सांगितले, दुसऱ्याने ६५ हजार, तिसऱ्याने १ लाख १० हजार. खालू म्हणाले, "बेटा, गाठ तो एकच हाय ना?" त्यांना वाटलं, कोणीतरी लुबाडतंय. मी तिन्ही ठिकाणी एवढंच म्हटलं, "आकडा फोडून सांगा." तेव्हा कळलं, बिल बऱ्याच गोष्टी मिळून ठरवतात.

पहिली गोष्ट पद्धत. टाके घालून उघडं ऑपरेशन केलं तर कमरेखालची भूल पुरते, कधी फक्त तेवढा भाग बधिर करूनही भागतं. दुर्बिणीतून करायचं तर बहुधा पूर्ण भूल लागते, महागडी यंत्रं लागतात. दुर्बिणीचा फायदा खरा आहे: दुखणं कमी, कामावर लवकर परत. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा उघडं ऑपरेशन होऊन तो पुन्हा उलटला असेल, तर डॉक्टर बहुतेक वेळा तीच सुचवतात. पण एका बाजूच्या साध्या, पहिल्याच हर्नियाला उघडं ऑपरेशनही चांगलं चालतं.

दुसरी गोष्ट जाळी. पोटाच्या कमकुवत भिंतीला आधार म्हणून ती बसवतात. कंपनीनुसार आणि प्रकारानुसार तिची किंमत कितीतरी पटीने बदलते. ती खिळवायचं साधन वापरलं तर त्याचे वेगळे पैसे. इथे आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड नीट निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं. पुढे युगांडात स्वस्त आणि महागड्या जाळीची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. एक जाळी सुमारे १ डॉलरची, दुसरी सुमारे १२५ डॉलरची. वर्षभरानंतर हर्निया उलटण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे महाग ते चांगलंच, असं नाही.

तिसरी गोष्ट खोली. जनरल वॉर्ड सोडून स्वतंत्र खोली घेतली की भाडं तर वाढतंच, बऱ्याच दवाखान्यांत सर्जनची आणि भूलतज्ज्ञाची फीही त्याच हिशेबाने चढते. चौथी गोष्ट स्वतः पेशंट. साखर, रक्तदाब, जुनाट खोकला असेल तर तपासण्या वाढतात, मुक्कामही वाढतो. विमा असला तरी कागद वाचावा. बऱ्याच पॉलिसींत हर्नियासाठी दोन वर्षं थांबावं लागतं.

आणि एक खर्च कुठल्याच बिलावर येत नाही: बुडालेली मजुरी. पन्नास किलोचं पोतं उचलणाऱ्याला डॉक्टर काही आठवडे ओझ्याला हात लावू देत नाहीत. खालूंची खरी काळजी तीच होती.

शेवटी आम्ही धर्मादाय रुग्णालयात गेलो. अशा मोठ्या ट्रस्ट रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटलो. आठ दिवस कागदांत गेले. जनरल वॉर्ड, उघडं ऑपरेशन, साधी जाळी. बहुतेक बिल माफ झालं.

पण मजुरीचं काय? कुठल्याच योजनेत तिची सोय नव्हती. ते दीड महिन्याचं रेशन आमच्याच जमातीतल्या एकाने जकातीतून भरलं, तेही नाव न सांगता.

यावर मला आपल्या लोकांना काही सांगायचं आहे. आपली मदत बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी जागी होते. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटतो, रात्री माणसाला उचलून नेतात, कधी आतड्याचा तुकडा कापावा लागतो, आयसीयू लागतं. बिल काही पटींनी वाढतं, जीव धोक्यात येतो. मग मशिदीत चादर फिरते. तीच रक्कम, किंबहुना तिच्याहून कमी, वेळेवर दिली तर ऑपरेशनही होईल आणि त्या घराची चूलही पेटती राहील. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेलेही आहेत. तो माणूस कर्जात बुडेपर्यंत आपण कशाला थांबायचं? गरजू तर तो आधीपासूनच असतो.

रमजानची यादी करताना प्रत्येक जमातीने एक रकाना वाढवावा: कोणाचं ऑपरेशन पैशांसाठी अडलंय? लाजेपोटी लोक स्वतः सांगणार नाहीत. आपणच जाऊन विचारावं लागेल.