बाळंभटाचे दुखणे

दुखणेकरी माणूस असला की शुश्रूषा करणाऱ्याची एक सोय असते. तो बोलतो. 'इथे दुखतंय', 'हे कडू लागतंय', निदान 'तुम्ही जरा गप्प बसा' एवढे तरी तो सांगतो. माझ्या वाट्याला आलेला रोगी कण्हतसुद्धा नव्हता. राग आला, भय वाटले, पोटात कळ आली, तरी त्याचा उपाय एकच. मान आत घ्यायची आणि आपले काय चुकले याचा विचार आपल्याला करायला लावायचा. गीतेत स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे ती किती अचूक आहे, हे मला त्या पावसाळ्यात पटले. मात्र स्थितप्रज्ञाची शुश्रूषा करणे किती अवघड असते, याचा अनुभव मला गीतेने आधी दिला नव्हता.

गोष्ट २०१७ च्या जूनमधली. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेले एक इंजिनियर आमच्या शेजारी बिऱ्हाड करून होते. त्यांची बदली झाली. सामान ट्रकवर चढले, कुलूप लागले, आणि जाता जाता त्यांनी माझ्या हातात एक बुटांचे खोके ठेवले. "काका, चार दिवस सांभाळा. बस्तान बसलं की येऊन घेऊन जातो." मी झाकण उघडले. आत ओंजळीपेक्षा थोडे मोठे एक कासव होते. काळ्याभोर पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्याच चांदण्या. जणू आश्विनातले आभाळ कोणी घडी करून खोक्यात ठेवले होते. ते चार दिवस अद्याप संपायचे आहेत.

मुलगी लग्न होऊन नागपूरला गेल्यापासून आमचे घर फार शांत झाले होते. इतके, की घड्याळाच्या टिकटिकीवरून आम्हा दोघांत वाद होई. त्या घरात हा चार पायांचा पाहुणा आला आणि सौ.चा दिवस एकदम भरून गेला. श्राद्धाचे जेवून, दक्षिणा कनवटीला लावून निघालेल्या भिक्षुकासारखी त्याची ती सावकाश, तृप्त चाल पाहून तिने त्याचे नाव ठेवले बाळंभट. भिक्षुक म्हटल्यावर जेवणात हयगय करून कसे चालेल? सकाळी दूध-पोळी, दुपारी मऊ वरणभात, संध्याकाळी केळे. बरणीतला शेवटचा हापूस मला न देता तिने बाळंभटाला कापून घातला, तेव्हा घरातले माझे स्थान मला कळून चुकले.

आषाढ लागला. कोकणातला आषाढ म्हणजे काय, ते परशुराम घाटातून पावसात गाडी नेलेल्याला सांगायला नको. भिंतींना घाम फुटतो, चपलांना बुरशी येते, पापड नुसते बघून सादळतात. बाळंभट आधी सुस्तावला. मग त्याला जुलाब सुरू झाले. सौ.ने लेकीच्या बाळपणी उपयोगी पडलेले सारे शास्त्र बाहेर काढले. जायफळ उगाळले, ओव्याचे पाणी केले. जुलाब थांबले, ते असे की आठ दिवस काहीच होईना. खाणे सुटले. मानेची आणि पायांची कातडी पांढरी पडून तिचे पापुद्रे निघू लागले. पोटाकडच्या कवचावर मऊ डाग पडले आणि त्यांना घाण वास येऊ लागला. "त्वचा कोरडी पडली आहे," असे निदान करून आम्ही रोज त्याच्या पाठीला खोबरेल तेल चोळू लागलो. पाठ छान चकाकू लागली. आतला जीव मात्र मावळत चालला होता.

शेजारचे एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, "अहो, कासव ते. विहिरीत सोडा, आपोआप बरं होईल." आमच्याकडे जुन्या विहिरींत कासव असतेच, सल्ला मला पटला. मी खोके घेऊन विहिरीच्या काठापर्यंत गेलोसुद्धा. पण सौ. मागून धावत आली आणि म्हणाली, "अहो, आधी डॉक्टरांना दाखवू. मग विहीर आहेच." त्या एका वाक्याने बाळंभट वाचला.

पशुवैद्यकीय दवाखान्यात आमच्या पुढे दोन म्हशी, एक बोकड आणि कान फाटलेला कुत्रा होता. डॉक्टर तरुण होते. बाळंभटाला पाहून त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, "काका, माझा हात गुरांवर बसलेला आहे. जरा थांबा." त्यांनी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या आपल्या गुरुजींना फोन लावला. हे महाविद्यालय १८८६ पासूनचे. पण आमच्या कासवाच्या दृष्टीने त्याची खरी स्थापना त्या दिवशी झाली. फोनवर अर्धा तास शिकवणी चालली. डॉक्टर बाळंभटाला उलटसुलट करून पाहत होते. शेवटी त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "पहिली गोष्ट. हा बाळंभट नाही. पोटाकडचं कवच सपाट आहे, शेपूट आखूड आहे. ही मादी आहे."

सौ.ने कपाळाला हात लावला. "अगंबाई! आणि मी इतके दिवस त्याच्यासमोर साडी बदलायलासुद्धा लाजत होते!"

दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. विहिरीतले कासव वेगळे आणि हे वेगळे. त्याला म्हणतात तारा कासव. ते जमिनीवरचे, पोहता न येणारे. विहिरीत सोडले असते तर ते बुडून मेले असते. त्याचा मुलूख म्हणजे गुजरात-राजस्थानचे रुक्ष माळ, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूचे कोरडे भाग, आणि श्रीलंका. चार सरी पडल्या तर त्याला आनंदच होतो. पण चार महिने न सुकणारी जमीन त्याच्या कातडीला सोसत नाही. शिवाय त्याचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही. त्याच्या पोटातली चूल बाहेरच्या उन्हावर पेटते. ऊन नाही तर पचन नाही. खाल्लेले आत तसेच पडून आंबते. त्यात आम्ही घातले दूध आणि भात! गवत-पाल्यावर जगणाऱ्या त्या आतड्यांना ते कधी ठाऊकच नव्हते.

"आणि तेल?" मी हळूच विचारले.

"कवच म्हणजे तिने पाठीवर घेतलेलं घर नव्हे, काका. फासळ्या आणि कणा जुळून ते झालंय. वर नखासारखं आवरण आहे. त्याला हात लावलेला तिला कळतो. तेलात धूळ आणि ओल धरून राहते. तुम्ही बुरशीचं शेत नांगरत होता."

मग उपचार सुरू झाले, आणि ते इतके साधे होते की मला लाजच वाटली. रोज सकाळी हनुवटी वर राहील इतक्या कोमट पाण्यात वीस मिनिटे बसवायचे. त्यात ती पाणी पिई आणि तिचे पोटही मोकळे होई. मग अंग कोरडे टिपायचे. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाचे करून मऊ ब्रशाने डाग पुसायचे. अंथरूण कोरड्या वर्तमानपत्राचे, रोज बदललेले. अग्रलेखांचा इतका चांगला उपयोग मी पूर्वी पाहिला नव्हता. ऊन पडले की अंगणात, आणि तेही काचेआडून नव्हे, कारण हाडे घट्ट करणारा उन्हातला गुण काचेतून आत येत नाही. ऊन नसेल तेव्हा एका कोपऱ्यात पिवळा दिवा लावून तीस-बत्तीस अंशांची ऊब. खायला हरळी, जास्वंदीची पाने-फुले, फड्या निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे. पालक नको, तो चुना अंगी लागू देत नाही. चुन्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेस किसून पाल्यावर भुरभुरायचा. समुद्रातल्या माकुळाचे हाड आणि माळावरचे कासव यांची भेट आमच्या ओटीवर झाली.

विष्ठा तपासली तेव्हा जंत निघाले. औषध वजनावर द्यायचे म्हणून मी तिला वाण्याच्या दुकानी नेले. साखरेच्या काट्यावर ती सव्वा किलो भरली. "काय भाव?" असे कोपऱ्यातल्या एकाने विचारले तेव्हा सौ.ने त्याच्याकडे असे पाहिले की तो गूळ न घेताच गेला. डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, की गुरांच्या जंतांवर सर्रास देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला विषासारखे आहे. घरातली बाटली उचलून परस्पर देऊ नका. मी त्या दिवशी घरातल्या सगळ्या बाटल्या माळ्यावर टाकल्या.

भाद्रपदात एके सकाळी कोमट पाण्याच्या घमेल्यात तिने आपण होऊन मान लांब केली आणि जास्वंदीचे फूल तोडून खाल्ले. आम्ही दोघे घमेल्याच्या दोन बाजूंना बसून ते पाहत होतो. कोणी काही बोलले नाही. लेकीने पहिले पाऊल टाकले तेव्हाही आम्ही असेच बसलो होतो.

डॉक्टरांनी तिसरी गोष्ट शेवटच्या खेपेला सांगितली. तारा कासव घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. बाजारात ते चोरून विकले जाते, कोणी हौस म्हणून तर कोणी घरात पैसा येतो म्हणून घेते. आणि एक जिवंत घरी पोचते तेव्हा वाटेत पोत्यात कितीतरी मेलेली असतात. मी म्हटले, "मग सड्यावर सोडून देऊ?" ते म्हणाले, "नको. इथला पाऊस तिला मारील, आणि तिच्या अंगचे रोग इथल्या कासवांना लागतील. वनखात्याला द्या." पुढे २०१९ साली या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि २०२२ च्या दुरुस्तीने ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसले. पण आमचा निर्णय कायद्याने केला नाही. सौ. रात्रभर जागी होती. पहाटे म्हणाली, "आपण तिला प्रेमानंच आजारी पाडलं हो. बरी झाली ती ऊन आणि गवतानं. ते तिला तिच्या गावी फुकट मिळतं."

दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही तिला चिपळूणला वनखात्याच्या कचेरीत नेऊन दिली. तेथल्या गृहस्थांनी आदराने पंचनामा केला. आधी तपासणी, मग तिच्या मुलखाकडे पाठवण्याचा प्रयत्न, असे त्यांनी सांगितले. आता असे काही करायचे झाले तर १९२६ हा वनखात्याचा फोन आहे. तेव्हा तो मला ठाऊक नव्हता. येताना रिकामे खोके सौ.च्या मांडीवर होते.

पुढल्या मार्चमध्ये मी तिला मुद्दाम वेळासला घेऊन गेलो. नाना फडणविसांच्या त्या गावी समुद्रकासवांची घरटी राखण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली सुरू केले. सकाळी टोपली उचलली गेली, आणि मुठीत मावतील अशी काळी पिल्ले वाळूवरून आपली आपण लाटांकडे निघाली. दोरीच्या अलीकडे शंभर माणसे उभी होती. कोणी हात लावत नव्हते. कासवी पिलांना नुसत्या नजरेने वाढवते असे आमचे संत सांगून गेले. खरी कासवी तर अंडी पुरून निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. पण सौ. पाहत होती. हात पाठीमागे बांधून, डोळ्यांची पापणी न लववता.

तेव्हापासून दर नरकचतुर्दशीला ती दारात ठिपक्यांचे कासव काढते, पाठीवर पिवळ्या चांदण्या भरते. शेजारची सून गेल्या वर्षी म्हणाली, "काकू, चुकलं वाटतं. कासवाचं तोंड घराकडे हवं, म्हणजे लक्ष्मी आत येते."

सौ.ने शेवटची चांदणी भरली, हात झटकले आणि म्हणाली, "असू दे गं. तिला लांब जायचंय."