वनराज भाटियांचं देणं

संगीतकार वनराज भाटियांना मी कधी भेटलो नाही, त्यामुळे त्यांना गुरू म्हणायचा हक्क मला नाही. पण माहितीपटांना आणि प्रायोगिक नाटकांना पार्श्वसंगीत देण्याच्या माझ्या धंद्यात मला जे थोडंफार येतं, त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून परस्पर उचललेलं आहे.

१९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली, संगीत भाटियांचं. आमच्या घरात पेटी होती आणि कानावर नाट्यगीतं, भावगीतं. चाल एकच, बाकीचे सगळे तिच्या मागे. या मालिकेच्या शीर्षकाला मात्र ऋग्वेदातलं नासदीय सूक्त होतं, आधी संस्कृतात आणि मग वसंत देवांच्या हिंदीत. टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला टेकवून, घरच्यांना दटावून मी ते कॅसेटवर घेतलं. आईच्या कुकरची शिट्टीही त्यात आली. मग पेटीवर बसवायला घेतलं. वरची चाल लगेच सापडली, पण ते भव्यपण काही येईना. पुन्हा पुन्हा रिवाइंड करून ऐकताना ध्यानात आलं की जीव एकट्या चालीत नाहीच. तो आवाजांच्या थरांत आहे, एकामागून एक चढत जाण्यात आहे. माझी तालीम सुरू झाली ती तिथून.

हा माणूस लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून १९५९ साली मुंबईला परतला, हे पुढे वाचनात आलं. परतल्यावर पोटासाठी काय, तर जाहिराती! हजारो जिंगल्स केल्या त्यांनी. नाक मुरडणारे मुरडोत. अर्ध्या मिनिटात साबण विकायचा तर फालतू स्वर ठेवायला जागाच नसते, आणि ती काटकसर मला त्यांच्या सिनेमांतही ऐकू येते.

१९७४च्या ‘अंकुर’पासून बेनेगलांच्या बहुतेक चित्रपटांना संगीत त्यांचंच. ‘मंथन’मधलं प्रीती सागर यांनी गायलेलं गाणं तर अनेकांना आजही गुजरातचं जुनं लोकगीत वाटतं. ‘भूमिका’ आपल्या अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरची. त्यातल्या सिनेमातल्या सिनेमाची गाणी त्या त्या काळाची वाटायला हवी होती, आणि ती वाटतात. युरोपात शिकलेल्या माणसानं जुन्या बोलपटांचा वास इतका नेमका कसा पकडला, याचं मला अजून नवल वाटतं. गोविंद निहलानींच्या ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फाळणीच्या त्या कथेत सारंग्या रडवत ठेवण्याचा मोह भल्याभल्यांना झाला असता.

त्यांचा स्वतःचा जीव मात्र मैफलीच्या संगीतात होता. गिरीश कर्नाडांच्या नाटकावर ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा त्यांनी लिहायला घेतला होता. २०१२ला पद्मश्री मिळाली. पण उतारवयात त्यांची आर्थिक ओढाताण चालल्याच्या बातम्याही छापून आल्या. मे २०२१मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. ज्याच्या सुरांवर लोकांनी साबण आणि साड्या विकल्या, त्याच्यावर पैशांच्या ओढाताणीची वेळ यावी याचा मला संताप आला. पण माझा हिशेबही फारसा सरळ नाही. मी ऋणी आहे तो त्यांच्या पोटापाण्याच्या कामाचा. तो ऑपेरा मी ऐकलेला नाही.

मध्यंतरी एका माहितीपटाचं मिक्सिंग चाललं होतं. धरणात बुडालेल्या गावातली म्हातारी काठावर उभी राहून पाण्याकडे बोट दाखवते, कुणाचं घर कुठे होतं ते सांगते. दिग्दर्शक म्हणाला, “दादा, इथे काहीतरी भरा ना, रिकामं वाटतंय.” मी बासरी लावून दाखवली, मग बंद करून दाखवली. बंद केल्यावर तिच्या बांगड्या ऐकू आल्या. “असंच राहू दे,” तो म्हणाला, आणि थोडं थांबून, “पण मग या सीनचे पैसे?”

पूर्ण घेतले.