सोडावयाचाच, तर धरावा कशाला?

ब्राह्मणाच्या घरी माशांचा गळ म्हणजे देवघरात जोडा, असे आमच्या आत्याबाईंचे मत आहे, आणि ते त्यांनी आमच्यापासून कधी लपवून ठेवले नाही. कोकणातील आमच्या सारस्वत मित्रांना ह्यात चमत्कारिक असे काहीच वाटणार नाही. परंतु घाटावरच्या ज्या घरांत पंगतीत माशाचे नावही काढीत नाहीत, अशांपैकी आमचे घर आहे. त्याची एक पाती साताऱ्यास व दुसरी सांगलीस नांदते. मध्ये शंभरावर किलोमीटरांचे अंतर असले तरी दोहोंची नदी एकच, कृष्णामाई. आणि तिच्या काठी गेली बावीस वर्षे आम्ही गळ टाकणाऱ्यांचे एक लहानसे मंडळ चालवीत आहोत. मासा धरावयाचा, मापावयाचा आणि पाण्यात परत सोडावयाचा, एवढाच त्याचा उद्योग.

हे खूळ आम्ही विलायतेहून उचलले, असा एक आरोप होतो. तो निम्मा खरा आहे. हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर हेन्री सलिव्हन टॉमस ह्या मद्रासकडील गोऱ्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ सालीच एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता, आणि मुंबईस पवईच्या तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही ह्याच छंदाची संस्था आहे. फिरकीची दांडी, नायलॉनचा दोरा, हे सामान आमच्याकडे त्याच वाटेने आले. परंतु खरे शिक्षण आम्हांस माहुलीच्या संगमाजवळ एका वृद्ध भोई गृहस्थांनी दिले. त्यांना आम्ही सारे मामा म्हणतो. पाण्याचा रंग कसा पाहावा, डोहाच्या कोणत्या अंगास मासा दुपारी विसावतो, कणकेच्या गोळ्यात हिंग किती घालावा (ह्या हिंगापायी घरात झालेली भांडणे येथे सांगत नाही), हे सर्व त्यांचे. आणि एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी बजावली की, मृगाच्या पावसात जो मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो, त्या चढणीच्या माशाच्या पोटात अंडी असतात. त्याच्या वाटेस जाऊ नये. म्हणून मृग लागल्यापासून श्रावण संपेपर्यंत आमचे गळ माळ्यावर पडलेले असतात.

चार वर्षांपूर्वी मंडळाची पटसंख्या सातावर आली, आणि त्या सातांतील सर्वांत धाकट्याचे वय छप्पन्न होते. तेव्हा तरुण मंडळी आणावीत कशी, ह्याचा खल सुरू झाला. आमच्या खजिनदारांनी अमेरिकेचे दाखले दिले. तिकडे बास नावाच्या माशाच्या पाठीमागे लोक वेडे आहेत. रे स्कॉट नामक गृहस्थाने १९७२ साली आपल्या स्पर्धांतून मासा जिवंत परत सोडण्याचा पायंडा घातला, आणि २००९ साली इलिनॉय राज्याने तर ह्या मासेमारीस शाळांच्या अधिकृत क्रीडास्पर्धांत जागा दिली. आपणही स्पर्धा ठेवू, ढाल ठेवू, असे ठरले. स्पर्धा झाली. मुले आली, त्यांनी मिसळ खाल्ली, तासभर तरंगते बूच पाहिले, आणि पुढच्या रविवारी एकही आले नाही.

एकच आली, व तीही आमच्या घरचीच. धाकट्या बंधूंची कन्या, तेव्हा वय वर्षे पंधरा. तिने सकाळभर घाटाच्या पायरीवर बसून आमचा सारा खटाटोप पाहिला. आमच्या गळास एक शिंगाळा लागला, आम्ही तो मापला, सोडला. ती म्हणाली, "काका, सोडायचाच, तर धरायचा कशाला?"

आम्ही नेहमीची उत्तरे दिली: चित्ताची एकाग्रता, मोकळी हवा, उषःकालाचे दर्शन. ती म्हणाली, हे सर्व गळावाचूनही मिळते. त्याच रात्री ओसरीवर हा संवाद आत्याबाईंच्या कानी गेला, आणि त्यांनी जपमाळ बाजूस ठेवून सांगितले, "भोई मासा धरतो तो पोरांच्या पोटासाठी. त्याला देव विचारणार नाही. तुम्ही कशासाठी धरता, ते आधी त्या पोरीला सांगा, मग मला." दोघींच्या वयांत सत्तर वर्षांचे अंतर, प्रश्न मात्र एकच.

पुढल्या सभेस ती मुलगी हातात कागद घेऊन आली. लिन स्नेडन ह्या ब्रिटिश विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग तिने वाचून दाखविले. ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचले असता ते मासे ओठ तळच्या खड्यांवर घासू लागले व कित्येक तास त्यांनी अन्न घेतले नाही. माशाला दुःख होते की नाही, ह्यावर शास्त्रज्ञांत अद्यापि वाद आहे, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितले. आमच्यापैकी एक वयोवृद्ध गृहस्थ संतापून म्हणाले की, ही मुले मंडळ वाढवावयास आली आहेत की बुडवावयास? ते त्याच दिवशी मंडळ सोडून गेले. त्यांचे जाणे आम्हांस लागले, कारण गळ टाकण्यात त्यांचा हात धरणारा सातारा-सांगलीत दुसरा नाही.

आमचे स्वतःचे मत असे आहे. मासा दुखावतो, हे धरून चालावे. मग त्या दुःखाच्या मोबदल्यात नदीचे काही हित होत असेल तरच गळ हातात घ्यावा; नुसत्या मौजेखातर नव्हे. हे मत सभेत मोठ्या कष्टाने, एका मताच्या आधिक्याने, मान्य झाले, आणि नियमावली नव्याने लिहिली गेली. गळाचा उलटा दात पकडीने चेपून सपाट करावयाचा, म्हणजे तो ओठातून अलगद निघतो. मासा कोरड्या हाताने धरावयाचा नाही, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे चिलखत. तापलेल्या खडकावर तर त्यास ठेवावयाचेच नाही. आपण जितका वेळ श्वास रोखू शकू त्याहून अधिक वेळ तो पाण्याबाहेर राहता कामा नये. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः शेपूट मारीपर्यंत हातांच्या ओंजळीत आधार द्यावयाचा. चैत्र-वैशाखात पाणी तापले, की त्यातील प्राणवायू उणा होतो व दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. म्हणून त्या दिवसांत गळ बंद. आणि सर्वांत वादग्रस्त कलम हे की, ज्यास गळ हाती धरणे नको असेल, त्याने वही धरावी. तोही पूर्ण सभासद.

ह्या शेवटच्या कलमाने जे केले ते ढालीने झाले नव्हते. आज मंडळात तेरा मुलेमुली आहेत. त्यांतील पाचच गळ टाकतात. उरलेली वही लिहितात: डोहाचे नाव, वेळ, पाण्याची उष्णता, पाणी गढूळ की नितळ, कोणता मासा, किती लांब. मरळ, वाम, शिंगाळा, रोहू, कटला आणि पानोपानी चिलापी. ही चिलापी मूळची आफ्रिकेची. १९५२ साली हिंदुस्थानात आणली गेली व आता जिकडेतिकडे तिचेच राज्य. रोहू-कटलाही मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. आपल्या नदीतील आपला मासा कोणता, हे मुलांनी विचारले तेव्हा आम्ही खडशीचे नाव सांगितले. बाहेरचे लोक तिला महसीर म्हणतात. कर्नल साइक्स ह्याने पुण्याच्या मुळामुठेतून मिळालेल्या ह्या माशाचे वर्णन १८३९ साली केले, आणि त्याच्या शास्त्रीय नावात जो 'खुद्री' शब्द आहे तो आपल्याच बोलीतून उचलला. हे ऐकून मुलांना जो आनंद झाला तो कोणत्याही बक्षिसाने झाला नसता. मात्र चार वर्षांच्या वहीत खडशीची नोंद दोनदाच आहे. दोन्ही साताऱ्याच्या वरच्या अंगास. सांगलीच्या पानांवर एकही नाही.

पालकांची काळजी आम्ही जाणतो. पोहता आल्यावाचून कोणासही काठाशी बसू देत नाही, आणि पोहता येत असले तरी तरंगजाकीट अंगात हवेच. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले, ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली. त्या काठच्या घरांत राहून नदीची ओळख न ठेवणे आम्हांस अधिक धोक्याचे वाटते. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तेथे त्यांच्या परवानगीखेरीज आम्ही दोरा ओला करीत नाही. कोयना व चांदोली येथील जलाशय २०१० सालापासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतात; तिकडे फिरकतच नाही.

२०२३ च्या मार्चात सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच तरंगला. पाण्यात मिसळलेल्या घाणीमुळे हे झाले, अशी ओरड झाली व पुढे चौकशाही झाल्या. त्या दिवशी आमची सांगलीची पाच मुले नाकास रुमाल बांधून काठाने चालली आणि त्यांनी मेलेले मासे जातवार मोजले. किती मेले हे सांगणारे गावात पुष्कळ होते. त्या डोहात आधी कोण राहत होते, हे मुलांच्या वहीत होते. पुढील पावसाळ्यानंतर त्यांनी त्याच जागी पुन्हा नोंदी घेतल्या. चिलापी लवकर परतली. वाम मात्र पहिल्या वर्षी एकदाही आढळली नाही.

सध्या मंडळात नवा वाद पेटला आहे. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीचे माशांचे पैदास केंद्र आहे. तेथे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात खडशीची कृत्रिम पैदास साधली; हे काम मोठेच होय. तशी पिले आणून आपल्याही नदीत सोडावीत, अशी आम्हां वडीलधाऱ्यांची इच्छा. मुलांचा विरोध आहे. ती कावेरीचा दाखला देतात. लोणावळ्याची खडशी तेथे सोडली गेली, तिचा विस्तार झाला, आणि त्याच काळात कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महसीर हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख नक्की व्हावयास २०१८ साल उजाडले, तेव्हा तो नामशेष होण्याच्या काठावर होता. आमचे म्हणणे, लोणावळ्याचे पाणी इंद्रायणीतून भीमेस व भीमेतून कृष्णेसच मिळते. तेव्हा ही खडशी आपल्याच खोऱ्यातली. मुलांचे म्हणणे, भीमा कृष्णेस मिळते ती पार रायचुराकडे. शिवाय हौदात वाढलेल्या पिढ्या नदीच्या कशा म्हणाव्या? आधी वरच्या अंगास जी दोन दिसली त्यांचे डोह राखा, मग पिलांचे पाहू.

आश्विनातील पहिल्या रविवारी सभा आहे. मुले तेरा, आम्ही सहा, आणि नियमावलीप्रमाणे प्रत्येकास एक मत. चिटणिसांनी सूचनापत्र धाडले असून मामांना मुद्दाम बोलाविले आहे. त्यांचे मत काय पडते, ते त्यांनी अद्याप कोणासही सांगितलेले नाही.