होतंच आहे तर...

सिव्हिलच्या सिलॅबसमध्ये एस्टिमेटिंगचा एक पेपर असतो. त्यातलं घर कायम बजेटमध्ये बसतं, कारण त्यात कुणी राहायला जाणार नसतं! आमचं कराडजवळचं घर मात्र राहण्यासाठीच होतं. 800 चौरस फूट, बजेट 16 लाख. त्यातले 10 लाख बँकेचे, बाकीचे बाबांच्या पीएफचे आणि आजीच्या पाटल्यांचे. पाटल्यांचं नाव निघालं आणि मी हिशोबाची वही स्वतःकडे घेतली. (ही कॉन्व्हेंटवाली जोत्याला ‘प्लिंथ’ म्हणते, यावर मिस्त्रीकाका आठवडाभर हसत होते. असो.)

खरं सांगते, वाळू-सिमेंटने आम्हाला फारसं छळलं नाही. 5 इंची स्लॅब म्हणजे साधारण 3.3 ब्रास काँक्रीट. 1:1.5:3 या प्रमाणाने सिमेंटच्या 75-76 गोण्या, बीम वेगळे. आकडा जवळजवळ तसाच आला. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि आमची स्लॅब नोव्हेंबरात पडली. नशीब!

मग पैसे गेले कुठे? ‘होतंच आहे तर’मध्ये. होतंच आहे तर जिना आतून घेऊ. होतंच आहे तर किचनची खिडकी मोठी करू (हे भिंत उभी राहिल्यावर!). होतंच आहे तर एक बाथरूम वाढवू. या वाक्यांचा मी वहीत वेगळा कॉलमच केला. लिंटेलपर्यंत त्याची बेरीज झाली 1 लाख 40 हजार. त्यात काम पुढे सरकल्याशिवाय बँक पुढचा हप्ता देईना, आणि हप्त्याशिवाय काम पुढे सरकेना.

तेव्हा मामा म्हणाले, "स्लॅबला 10 ऐवजी 8ची सळई टाका. आत कोण बघतंय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही पुढे केली. 10 एमएमची सळई मीटरला 0.617 किलो, 8 एमएमची 0.395. दिसायला फरक 2 मिलिमीटरचा, पण लोखंड 36 टक्के कमी! मामा गप्प झाले. आई मात्र लगेच म्हणाली, "पीओपी नको, ट्रॉल्या नकोत, कंपाउंड नको. रंगही पुढच्या दिवाळीला." बहुतेक तिची यादी आधीच तयार होती. कुणाला काही विचारलंच नाही तिने.

आणखी एक काम होतं, ज्याला पैसे लागत नाहीत म्हणून ते कुणी मनावर घेत नाही. पाणी मारणं! आमचं सिमेंट पीपीसी, म्हणजे किमान 10 दिवस. आजीने स्लॅबवर वाफे करून घेतले आणि चौदा दिवस एकही वाफा सुकू दिला नाही. मिस्त्रीकाका तिला इंजिनिअर म्हणायला लागले. माझ्यासमोर!

आता सगळे तिथेच राहतात. भिंती सिमेंटच्या रंगाच्या, किचनमध्ये कडाप्प्याचे कप्पे आणि त्यांना आईच्या जुन्या साडीचा पडदा. चारपैकी दोन पाटल्या मोडल्या, दोन राहिल्या. परवा आजीचा फोन आला, "अगं, होतंच आहे तर देवघराला संगमरवर..."

मी म्हटलं, "आजी, वही माझ्याकडेच आहे हं."