भुलेश्वरचा पांजरपोळ

चर्नी रोड स्थानकाकडून सी. पी. टँकच्या दिशेने निघालेला वाटसरू माधवबागेच्या परिसरात पोहोचतो, तेव्हा हातगाड्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या कोलाहलातून गाईचे हंबरणे त्याच्या कानी पडते. जेथे हातभर जागेलाही मोठे मोल आहे, अशा या बाजारपेठेत गव्हाणी कशा टिकून राहिल्या, याचे नवख्याला नवल वाटते. मुंबईचा हा पांजरपोळ १८३४ पासून येथे उभा आहे.

त्याच्या स्थापनेस निमित्त झाला तो सरकारी हुकूमच. मात्र तो रक्षणाचा नव्हे, वधाचा होता. मोकाट कुत्री ठार मारावीत आणि मारणाऱ्यास इनाम मिळावे, असा कंपनी सरकारचा नियम होता. त्याविरुद्ध जून १८३२ मध्ये कोट भागात पारशी समाज रस्त्यावर उतरला. हिंदू आणि जैनही त्याच्या पाठीशी उभे राहिले. दंगल शमली, तरी प्रश्न उरलाच. कुत्री मारावयाची नाहीत, तर ठेवावयाची कोठे? जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे व्यापारी स्नेही शेठ मोतीशा यांनी पांजरपोळाच्या रूपाने त्याचे उत्तर दिले. दाणावैरणीचा खर्च चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लागा बसवून घेतला. या दयेला आरंभापासूनच वहीखात्यात स्थान मिळाले.

प्राणिरक्षणाचे कायदे पुढे आले. १८९० च्या कायद्याची जागा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने घेतली. त्याचे अकरावे कलम वाचताना श्रावकाला अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवल्यावाचून राहत नाहीत. जखडून बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे, हे पाचही दोष त्या कलमात अपराध म्हणून येतात. भेद एवढाच की, व्रतात त्यांचे प्रायश्चित्त आहे, तर कायद्याने पहिल्या अपराधाला अवघा दहा ते पन्नास रुपये दंड नेमला. १९६० मध्ये ज्याची झळ बसावी, तो दंड कालांतराने एका चहा-फराळाच्या मोलाचा झाला.

याच अधिनियमाच्या पस्तिसाव्या कलमानुसार दंडाधिकारी पीडित जनावर पांजरपोळात पाठवू शकतो. पालनाचा खर्च मालकाने द्यावयाचा. तो निर्धन असल्यास माफही होऊ शकतो. माफ झाला तरी जनावराची भूक माफ होत नाही. कायदा मारणाऱ्याचा हात धरतो. पुढची वैरण मात्र कोणाच्या तरी वहीतूनच येते.

सकाळी येथे येणारी कुटुंबे लेकराच्या हाताने गाईला चाऱ्याची पेंढी घालतात. ते पुण्य खरेच. पण पेंढी एका दिवसाची असते आणि गव्हाण रोज रिकामी होते. मोतीशांच्या पिढीने हे ओळखले होते. म्हणूनच त्यांनी जीवदया सणावारावर न सोपवता मालाच्या प्रत्येक सौद्याशी जोडली. पांजरपोळाच्या दारातून परतणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या पेढीच्या वहीत तेवढे एक खाते आहे की नाही, हे पाहावे.