द्राक्षाची परीक्षा

2025 सालच्या जानेवारीत, नाताळची सुटी संपल्यावर, आम्ही सातवीच्या वर्गास ‘द्राक्षबागेतील एक दिवस’ या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. नाशिककर मुलांस याहून सोपा विषय तो कोणता? बहुतेकांनी थंडी, धुके, हिरवे मांडव आणि टपोरे घड यांचे यथासांग वर्णन केले. एका वहीच्या शेवटी मात्र तीनच साधी वाक्ये होती. परदेशी कंपनीचे तपासनीस आले त्या दिवशी मुकादमाने लहान मुलांस पालातच बसविले. बहीण दिवसभर बाहेर आली नाही. रात्री आई म्हणाली, आज एकर पुरा झाला नाही.

आम्ही ‘तपासनिस’ या शब्दातील ऱ्हस्व इकार तांबड्या शाईने दीर्घ केला, दहापैकी सहा गुण दिले आणि पुढची वही उघडली. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती वाक्ये आठवली. आपण कोणती चूक सुधारली व कोणती तशीच राहू दिली, हे ध्यानात येऊन झोप लागेना.

हा मुलगा आमच्या वसतिगृहात राहतो. त्याचे आईबाप सुरगाणा तालुक्यातले. भाताची कापणी आटोपली की तिकडची, पेठेकडची कितीतरी कुटुंबे उचल घेऊन दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. विरळणीचे काम पुष्कळदा एकरावर ठरते. मजुरी माणशी नव्हे, टोळीस मिळते. येथेच सारी मेख आहे. हजेरीपटावर मुलाचे नाव घालण्याचे कारणच पडत नाही, कारण एकराला वय नसते. दहा बोटे अधिक लागली तर काम लवकर उरकते, एवढेच. चौदा वर्षांखालील मुलांस कामास लावू नये असा कायदा आहे. 1986 च्या कायद्यास 2016 साली दुरुस्ती होऊन तो अधिक कडक झाला. परंतु ज्याचे नावच कोठे नाही त्यास तो कायदा कसा गाठणार?

वाचकांपैकी अनेकांच्या बागा आहेत. त्यांस 2010 साल आठवत असेल. त्या वर्षी आपली द्राक्षे युरोपात पोहोचली आणि त्यांत क्लोरमेक्वाट या औषधाचा अंश मर्यादेबाहेर आढळला. मर्यादा किती, तर किलोमागे 0.05 मिलिग्रॅम! बागाईतदारांची त्या हंगामात दाणादाण उडाली. पुढे मात्र सर्वांनी धडा घेतला. आज निर्यातीच्या बागेची नोंद होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि पेटीवरील क्रमांकावरून ती कोणत्या बागेतील हे सांगता येते. गिऱ्हाइकाने मनावर घेतले म्हणजे इतक्या बारकाईने पाहता येते. मग त्या घडास कोणाचे हात लागले, हे का बरे दिसू नये?

आम्ही त्या बागेच्या मालकांस भेटलो. गृहस्थ वाईट नव्हेत. चहा दिला, मुलांसाठी एक पेटीही देऊ केली. म्हणाले, “सर, मी एकराचा दर मुकादमास देतो, तो कोणास आणतो हे मी कसे पाहू? तिकडचा व्यापारी दर वर्षी एक कागद वाढवतो, भाव मात्र वाढवीत नाही.” यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. पेटी घेतली नाही, एवढेच.

आणि उत्तर देणारे आम्ही कोण? स्नेहसंमेलनाच्या क्रीडासामन्यांसाठी आम्हीच सदरे आणले होते. दुकानदारास एकच प्रश्न केला: आणखी किती कमी कराल? घरी येऊन आतील चिठ्ठी पाहिली तो ‘बांगलादेश’. त्याच देशात ढाक्याजवळ सावर येथे 24 एप्रिल 2013 रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,134 माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींस तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांस आत धाडण्यात आले. तेथील काही कारखान्यांची परदेशी गिऱ्हाइकांसाठी तपासणीही आधी होऊन गेली होती.

तपासणी निरर्थक आहे असे आमचे म्हणणे नाही. पॅकिंगच्या शेडमध्ये बायांना स्वच्छ पाणी व शौचालय मिळाले ते पुष्कळ अंशी तिच्यामुळेच. परंतु दूरचा गिऱ्हाईक आपल्याला हवे तेवढेच पाहतो, हे जुनेच आहे. मुंबईच्या गिरण्यांतील मुलांसाठी 1881 चा कायदा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी त्यासाठी बरीच खटपट केली होती. त्यांत भूतदया किती आणि मुंबईच्या स्वस्त मालाची धास्ती किती, ते त्यांचे त्यांस ठाऊक. सात वर्षांखालील मुले वगळली गेली. बाकीच्यांस नऊ तास राहिले. मोठ्या माणसांच्या सुटीचे कोणास सुचले नाही. ते सुचविले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 1884 साली त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपाच हजारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई, ही मागणी ज्यांच्या हातांस घट्टे पडले होते त्यांची होती. 1890 च्या जूनमध्ये रविवार मिळाला.

सुरगाण्याच्या त्या टोळीस मात्र तपासनिसांनी काही विचारले नाही. ते मुकादमाशी बोलले, मालकाशी बोलले, आणि गेले.

जूनमध्ये मुलाची आई मुलीस घेऊन शाळेत आली. फी माफ होईल, वसतिगृहात जागा आहे, असे आम्ही आधीच कळविले होते. बाई बराच वेळ उभीच राहिली. मग म्हणाली, “आता एकर उरकायला दिवस जास्त लागतील.” आम्ही काही बोललो नाही. प्रवेशाच्या अर्जावर जन्मतारखेचा रकाना आला. तारीख तिला ठाऊक नव्हती.

“गारा पडल्या, बागा झोडपल्या, त्या साली झाली. त्या सालची उचल फिटलीच नाही.”

आम्ही 2014 असे लिहिले.